तापीखोऱ्याचा प्रवासपट: कामाची वही

17 नोव्हेंबर 2024, रविवार, धुळे

खान्देशावरच्या आमच्या प्रवासपटासाठी केलेली ठिकाणांची पहिली यादी आज खोडली. तोरणमाळ, पाटणादेवी, लळिंगचा किल्ला, प्रकाशा, पद्मालय, फरकांड्याचे मनोरे, उनपदेव. ठिकाणं सगळी चांगलीच, भांडण त्यांच्याशी नाही. पण वीस-बावीस मिनिटांत एवढी ठिकाणं कोंबली की प्रत्येकाच्या वाट्याला एक वरून, एक समोरून आणि एक मावळतीचा शॉट येतो, मागे बासरी वाजते आणि संपलं. असला पट गाडीतून न उतरताही होतो.

नवी यादी कामांची आहे. नंदुरबारच्या पथारीवरची मिरची, जळगावकडचं शेतातलं भरीत, सारंगखेड्याचा घोडेबाजार, रावेरची केळी आणि पांझरा नदीवरचं फडाचं, म्हणजे गावाने मिळून वाटून घ्यायचं पाणी. प्रत्येक काम सुरू होतं तिथून संपतं तिथपर्यंत टिपायचं आणि संकलनातही त्याचा क्रम मोडायचा नाही. निवेदन नको.

अजिंठ्याला निघालेले पाहुणे जळगाव स्टेशनवर उतरतात, बाहेर टॅक्सी ठरवतात आणि जातात. जळगाव त्यांना दिसतं ते टॅक्सीच्या काचेतून. त्यांचाही दोष नाही, कारण खान्देशचं म्हणून डोळ्यांपुढे येणारं एखादं चित्र नाही. इथल्याच माणसाला विचारलं तर तो उलट विचारतो, “आठे काय शे दखाले?” (इथे बघायला आहे काय?) त्याच माणसाला शेवभाजीला कुठली मिरची वापरता ते विचारून बघा, अर्धा तास सुटका नाही. पट त्या अर्ध्या तासातून काढायचा आहे.

कॅमेरा मैत्रिणीकडे, आवाज मामेभावाकडे, धावपळ आणि संकलन माझ्याकडे. मामेभावाच्या घरी अहिराणी, मैत्रिणीच्या घरी तावडी, दोन्ही खान्देशातल्याच बोली. मला दोन्ही कळतात, पण बोलायला गेले की दोन्हीकडचे हसतात.

आवाजाचं काम सध्या बंद. बुधवारी मतदान आहे आणि गल्लीगल्लीत प्रचाराच्या रिक्षा फिरतायत. उद्या सायंकाळी प्रचार थांबेल, मग पाहू.

19 नोव्हेंबर, मंगळवार, अमळनेर ते नंदुरबार

भोंगे थांबले. पहाटेच्या गाडीत चढून भुसावळ-सुरत लाईनवरचा आवाज घेतला: दरवाजा उघडा ठेवून, दरवाजा लोटून, आणि फलाटावरून सुटणाऱ्या गाडीचा. मामेभावाचा नियम असा की जिथे जाऊ तिथे सगळ्यांनी गप्प बसायचं आणि निदान एक मिनिट नुसतं वातावरण रेकॉर्ड करायचं. संकलनात दोन तुकडे जोडताना सांधा झाकायला हेच मिनिट लागतं. अमळनेरच्या फलाटावर ते मिनिट मिळायला फार वेळ गेला, कारण हातात माईक दिसला की माणूस येऊन विचारतोच, “काय चाली राह्यनं भाऊ?”

कॅमेऱ्याचं ठरलं. सेकंदाला 25 चौकटी, शटर 1/50. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ढाब्यावरच्या आणि बाजारातल्या स्वस्त एलईडी दिव्यांखाली एरवी चित्र लुकलुकतं. शटर 1/50 वरच बांधायचं म्हणजे भर उन्हात लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर आलाच.

24 नोव्हेंबर, रविवार, नंदुरबार

आज कॅमेरा गाडीतच ठेवून पथाऱ्या बघितल्या. नंदुरबारचा मिरची बाजार राज्यातल्या मोठ्यांपैकी. ओली लाल मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती घेतात आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात वाळत घालतात. त्या रानाला पथारी म्हणतात. ट्रॉली उलटली की ढीग पसरायचा, उन्हात परतायचा, मग बायका ओळीने बसून देठ खुडतात आणि फटकी मिरची वेगळी काढतात. पांढरी पडलेली ती फटकी. तिला भाव कमी.

परवानगी दोन ठिकाणी घेतली. मुकादमाने लगेच हो म्हटलं. पण मुकादमाचा होकार हा ओळीत बसलेल्या बायकांचा होकार नव्हे, म्हणून त्यांच्यात जाऊन बसलो. एक मावशी स्पष्टच म्हणाल्या, हात घ्या, तोंड नको. दोघीतिघींना तोंडही चालणार होतं, उलट केस नीट करायला वेळ द्या म्हणाल्या. ज्यांचे फक्त हात घ्यायचे त्यांना मैत्रिणीने ओळीच्या एका टोकाला बसवून घेतलं, म्हणजे चुकूनही चेहरा चौकटीत यायला नको.

खोकून खोकून हैराण झालो. बायका मात्र ओढणी नाकाला बांधून गप्पा मारत होत्या आणि आमच्याकडे बघून हसत होत्या.

26 नोव्हेंबर, मंगळवार, नंदुरबार

लाल रंगाची चाचणी. मैत्रिणीने आधीच बजावलं होतं आणि तसंच निघालं. कॅमेऱ्यातला झेब्रा (उजेड जास्त झालेल्या जागी पट्टे दाखवणारी खूण) सगळं ठीक आहे म्हणतो, उजेडाचा आलेखही मधोमध दिसतो, आणि तरी ढिगाच्या जागी सपाट लाल डाग उमटतो. ना सुरकुती, ना देठ, ना ओलसर चमक. कारण एचडीच्या हिशोबात एकूण उजेडातला लालचा वाटा जेमतेम 21 टक्के असतो. लाल चॅनल काठोकाठ भरून सांडला तरी एकूण उजेडाला त्याचा पत्ता नसतो. उपाय म्हणजे आरजीबी परेड, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख, लावून फक्त लालकडे बघायचं, ती रेघ वरच्या काठाला टेकू द्यायची नाही आणि त्यासाठी एक्सपोजर स्टॉपभर खाली, म्हणजे उजेड निम्मा, ठेवायचं. चित्र काळपट वाटतं, पण ते नंतर उचलता येतं. सांडलेला लाल परत येत नाही.

शूटिंगची वेळही मिरचीच सांगते. दुपारी बाराला डोक्यावरचं ऊन मिरचीला नुसती रंगवून काढतं. सकाळी आठच्या सुमारास ऊन तिरपं असतं तेव्हा प्रत्येक मिरचीची सावली शेजारच्या मिरचीवर पडते आणि ढीग ढिगासारखा दिसतो.

लेन्स पथारीवर बदलायची नाही. आत गेलेली मिरचीची धूळ सेन्सरवरून पुसणं म्हणजे वेगळंच संकट. गाडीत काचा लावून एक झूम चढवली ती दिवसभर तीच.

पहिला प्रसंग आज जवळजवळ पूर्ण झाला, ट्रॉली येण्यापासून पोतं शिवण्यापर्यंत. मामेभावाने एक मजेशीर गोष्ट दाखवली: पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला कुणाला तरी ठसका लागतो. मी म्हटलं, साफ करू. तो म्हणाला, साफ केलंस तर ही मिरची कशावरून? ठसके राहतील.

30 नोव्हेंबर, शनिवार

पर्यटनाच्या धंद्यातल्या एका ओळखीच्यांचा फोन. पहिल्या तीन सेकंदांत ड्रोन हवा, तोरणमाळची सीताखाई घ्या, नाहीतर लोक पुढे सरकतील. त्यांचं त्यांच्या जागी खरंही असेल. ड्रोनबद्दल आम्ही आधीच बोललो होतो. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावर हिरवा, पिवळा, लाल पट्टा बघून उडवावं लागतं, ती कटकट परवडली असती. अडचण निराळी आहे. वरून बघितलं की रावेरची केळी आणि कुठल्याही राज्यातली केळी एकच हिरवी चादर होतात.

एका गोष्टीसाठी मात्र उंची हवी आहे. नंदुरबार-धुळ्याकडे रानातून काळ्या दगडाच्या लांबच लांब सरळ रांगा उठतात, कुणी भिंत बांधून सोडून दिल्यासारख्या. जमिनीच्या भेगांत लाव्हा वर येऊन थिजला, पुढे आजूबाजूचा खडक झिजला आणि या भिंती उघड्या पडल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. लळिंगच्या माथ्यावर ट्रायपॉड नेऊन आजूबाजूच्या अशा रांगा लांब लेन्सने घेता येतील का, ते बघायचं आहे. पायी चढून.

8 डिसेंबर, रविवार, जळगाव तालुका

काल चंपाषष्ठी झाली. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांचंही आता वांगं सुरू, त्यामुळे शेताशेतात भरीत. मैत्रिणीच्या मावसकाकांकडे गेलो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. वांगं हिरवट, पोटाशी पांढुरकं, हाताला मोठं आणि आत बी कमी.

इथे आम्ही उशिरा पोहोचून चाललं नसतं, कारण जाळ एकदाच पेटतो. गेल्या हंगामातल्या वाळलेल्या पऱ्हाट्या रचल्या, वर वांगी, वरून पुन्हा पऱ्हाट्या. यंदाची कपाशी अजून रानात उभी आहे, म्हणून गेल्या वर्षीच्या काड्या मुद्दाम राखून ठेवलेल्या. कपाशीच्या काडीचा जाळ भडकतो आणि लवकर बसतो. वांग्याची साल करपते, आत वाफ धरते. गॅसवर भाजलेल्याला ही चव येत नाही असं काका म्हणाले, आणि शेजारी बसलेले जिभाऊ म्हणाले, गॅसवर भाजलेलं भरीत पाव्हन्याले वाढू बी नही.

मग साल काढणं, लाकडी खोलगट भांड्यात ठेचणं, मिरची-लसणाचा ठेचा, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी आणि पुऱ्या दोन्ही. ठेचण्याच्या ठोक्यांवरच हा प्रसंग कापायचा. कॅमेरा दोनदा जागा बदलेल, तेवढंच.

धुरासमोर मैत्रिणीने सूर्य पाठीशी न घेता समोर घेतला. समोरून उजेड आला की धूर दिसतो, पाठीमागून आला की नाहीसा होतो.

काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. माईक बंद करून जेवलो.

14 ते 16 डिसेंबर, सारंगखेडा

दत्तजयंतीला यात्रा भरते, एकमुखी दत्ताची, तापीच्या काठी. घोडेबाजार त्यातच. मारवाडी, काठियावाडी, नुकरा. मारवाडीचे कान आत वळून टोकाला टोक लागलेले, पांढरे नुकरे लग्नाच्या वरातीसाठी. गिऱ्हाईक दात बघतं, पाय उचलून बघतं, मग रेवाल चाल बघतं. रेवाल चालीत स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी सांडत नाही असं म्हणतात. आम्हाला पेला दिसला नाही, पण स्वाराची पाठ खरंच हलत नव्हती.

गर्दीत कॅमेरे घोड्यांपेक्षा जास्त. उड्या मारणाऱ्या, दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या घोड्याभोवती कडं करून सगळे तेच टिपत होते. आम्ही नालबंदाकडे गेलो. जुना नाल उपसणं, खूर तासणं, नवा नाल ठोकून खुराच्या मापाला आणणं, खिळे मारून बाहेर आलेली टोकं वळवणं आणि शेवटी कानस. घोड्याचा मालक सतत घोड्याशी बोलत होता, आमच्याशी एक शब्द नाही. प्रसंग सुरेख झाला.

अडचण गाण्यांची. पाळण्यांकडच्या भोंग्यांवर दिवसभर खान्देशी गाणी. चित्राला ती शोभतातही, पण पट इंटरनेटवर चढवला की गाणं ओळखणारी यंत्रणा हक्क सांगत येणार. गाण्याचा आवाज नंतर पूर्णपणे वेगळा करता येत नाही, तो घोड्याच्या टापेत मिसळलेला असतो. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मामेभाऊ पहाटे पाचला एकटाच बाजारात. भोंगे सुरू व्हायच्या आत फुरफुरणं, टापा, चंदीची पोती, शेकोट्या आणि नालबंदाची हातोडी त्याने गोळा केली. थंडीने त्याचा आवाज बसला, घोड्यांचा मात्र मिळाला.

28 डिसेंबर, शनिवार

आभाळ भरून आलं. नंदुरबारहून मुकादमाचा फोन, पथारीवर धावपळ आहे, यायचं तर या. गेलो. वाळत आलेली मिरची गोळा करून ढिगांवर ताडपत्र्या, दोरखंड, कडेला दगड. ज्या मावशींनी चेहरा नको म्हटलं होतं त्या आज ताडपत्रीचं एक टोक धरून ओरडत होत्या. त्यांचं शूटिंग केलं नाही. मीच दुसरं टोक धरलं.

मैत्रिणीने लांबून फक्त एक शॉट घेतला: लाल रान हळूहळू निळं होताना.

9 जानेवारी 2025, गुरुवार, रावेर तालुका

रात्री अडीचला उठलो. थंडी उतरली की केळीची वाढ थांबते, घड नीट भरत नाहीत. म्हणून बागेच्या कडेला पालापाचोळा पेटवून धूर करतात आणि रात्रीची लाईन (वीज) असेल तर पाणी देतात, विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. बागवाले दादा बॅटरी घेऊन पुढे, आम्ही मागे. अंधारात दिसावं म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवला आणि चित्रात दाणे आले. राहू देत. दिवा लावला असता तर धूर नाटकातला वाटला असता.

सकाळी शेजारच्या मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या बागेत कटाई. हिवाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या कांदेबागेला अजून अवकाश आहे. कापणारा खोडाला अर्धा घाव घालतो, खोड हळूच वाकतं आणि घड खाली उभ्या जोडीदाराच्या खांद्यावर येतो. घड मातीला टेकता कामा नये. ट्रकमध्ये तळाला आणि बाजूला केळीचीच पानं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, घाव ऐकूनच खालचा माणूस पाय रोवतो. आम्ही कॅमेरा खालच्या माणसावर ठेवला आणि वरचा चौकटीबाहेर. घाव फक्त ऐकू येतो.

19 जानेवारी, रविवार, साक्री तालुका

ज्यासाठी हा सगळा खटाटोप सुरू केला ते आज. पांझरेवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्यावर फड पद्धत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि त्याखाली भिजणाऱ्या सगळ्या रानाला थळ म्हणतात. थळाचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कुणाला किती आणि कधी पाणी ते पाटकरी बघतो, गावकऱ्यांनी नेमलेला. पाटावर राखणीला जागले असतात. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवतात, पण तो सगळ्यांचा मिळून, कारण प्रत्येकाचा तुकडा बहुतेक फडांत असतो. कागदावर ही व्यवस्था समजावून सांगायची तर तक्ता लागेल. आम्हाला तक्ता नको होता.

म्हणून पाण्याच्या टोकाबरोबर चाललो. पाटकरी आबांनी फावड्याने माती ओढून दार उघडलं आणि पाणी कोरड्या पाटात शिरलं. मैत्रिणीने कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरला आणि पाणी जाईल त्या वेगाने मागे मागे सरकत राहिली. मी तिच्या कमरेला धरून तिला वाट दाखवत होते. पाणी सरळ जात नाही. एखाद्या भेगेपाशी थांबतं, ती भरेपर्यंत हलत नाही, मग एकदम दोन हात पुढे पळतं. काळी माती पाणी पिताना फुटफुट आवाज करते, भेगेतली हवा बुडबुड्यांनी वर येते. मामेभावाने छोटा माईक काडीला बांधून पाटाच्या कडेला मातीलगत धरला. हेडफोनमध्ये रान उकळतंय असं वाटत होतं.

साडेचार मिनिटांचा अखंड शॉट. मध्ये आबा येतात, फावड्याचे दोन घाव घालतात, कॅमेऱ्याकडे न बघता निघून जातात. आधीचे दोन दिवस आम्ही त्यांच्याबरोबर नुसते हिंडलो होतो, त्याचा हा उपयोग.

लळिंगही चढलो. धुकट हवेत डाइकच्या रांगा फिकट आल्या, वापरता येतील असं वाटत नाही.

16 फेब्रुवारी, रविवार, धुळे

संकलन. क्रम जिल्ह्यांचा नाही, थंडी वाढत जाते आणि उतरते त्याचा आहे. पाणी शेवटी ठेवलं. पाण्याचा अखंड शॉट तोडायचा मोह रोज होतो, एका मिनिटात “कळतं” म्हणून. कळतं, पण मग पाणी भेगेपाशी थांबतं तेव्हा बघणाऱ्याचा जीव टांगत नाही. तोडला नाही.

मिरचीचा लाल अजून छळतोय. मोबाइलच्या पडद्यांवर रंग आधीच भडक, तिथे पथारी पेटल्यासारखी दिसते. फक्त लालची तीव्रता थोडी उतरवली, बाकी रंगांना हात नाही. तीन वेगळ्या किमतींच्या फोनवर तपासलं.

आवाजाची पातळी सरासरी उणे 14 लफ्सच्या (आवाजाच्या पातळीचं माप) आसपास ठेवली. यूट्यूब त्याहून मोठा आवाज स्वतःच खाली ओढतं, मग उगाच ओरडून काय उपयोग. अहिराणी आणि तावडी बोलण्याला खाली मराठी ओळी दिल्या, हातवाऱ्यांनी कळतं तिथे दिल्या नाहीत.

2 मार्च, रविवार, साक्री तालुका

कच्चा पट आबांच्या ओट्यावर दाखवला. भिंतीला पांढरी चादर, प्रोजेक्टर शेजारच्या मास्तरांचा. पोरं घोड्यांच्या वेळी उठून नाचली. मिरचीच्या ठसक्यांना बायका हसल्या. पाण्याच्या शॉटला सगळे गप्प बसले, मग मागून एकाने पाट कुणाच्या बांधाजवळून जातोय ते ओळखलं, आणि पुढची सगळी मिनिटं बांध ओळखण्यातच गेली.

संपल्यावर आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तुम्ही दाखवलं ते फडाचं तोंड, तिथे पाणी येणारच. पाटकऱ्याची परीक्षा शेवटच्या शेतात. तिथल्या माणसाला त्याच्या पाळीला पाणी पोहोचलं की नाही, ते तुमच्या पिक्चरमध्ये कुठे आहे? ओट्यावरच्या तीन-चार जणांनी एकदम माना हलवल्या. शेवटचं शेत ज्यांचं आहे ते अण्णा तिथेच बसले होते, ते फक्त हसले.

अण्णांची पाळी गुरुवारी आहे. पट लांबवायचा नाही, म्हणून घोडेबाजारातून दोन मिनिटं काढावी लागतील. नालबंद राहील, उड्या मारणारा घोडा जाईल. मैत्रिणीला कळवलं, मामेभाऊ बुधवारी रात्रीच येतोय. पाणी दुपारच्या सुमारास शेवटच्या बांधाला लागेल असा आबांचा अंदाज आहे, आम्ही पहाटेपासून त्याच्या मागे असू.